प्रसादाबरोबर आलेली गोळी

इकडे ये बघू जरा. तू सांताक्रूझला आणि मी मुलुंडला हे मलाही कळतं, पण कान तरी जवळ आण, कारण हे मी फोनवर ओरडून सांगणार नाही. शेजारी ऐकतात.

परवा तू हसत हसत म्हणालीस, "मामी, डॉक्टरने लघवीची गोळी दिलीय ना, ती मी माझ्या हिशोबाने घेते. बाहेर जायचं असलं की दोन, घरी असले की एकही नाही." आणि फोन ठेवता ठेवता वर आणखी, "सर्दी झालीय, तिचीही गोळी चालूय." हसत होतीस गं! एवढी शिकलीस, हापिसात लोकांना शिकवतेस, आणि गोळ्यांच्या बाबतीत थेट तुझ्या आजीवर गेलीस. नाक तिचं नाही घेतलंस, रंग नाही घेतलास, घ्यायचं ते हे घेतलंस. आता गप्प बसून ऐक. तुझ्या आईला यातलं अर्धंच माहीत आहे.

तेव्हा आम्ही घाटकोपरला टेकडीवरच्या बैठ्या चाळीत राहायचो. तू जन्मलीस त्याच्या पुढच्या एकदोन वर्षांतली गोष्ट, म्हणजे ऐंशी सालानंतरची. चाळीच्या टोकाला चार संडास, त्यातल्या एकाचं दार कायम निखळलेलं. बाकीच्या तिन्हींसमोर टमरेलं घेऊन रांग. त्या रांगेत पुरुष पेपर वाचायचे, बायका भांडणं मिटवायच्या, नवी भांडणं काढायच्या. सगळ्यांना वेळ असायचा. तुझ्या आजीला नसायचा.

सासूबाई भाकरी थापत असायच्या, आणि मधेच हाताचं पीठ तसंच ठेवून उठायच्या. तव्यावरची भाकरी करपायची. मी म्हणायची, "आई, सांगून तरी जा." तर जाताना वळून, "सांगान जावक मी काय गावाक चललंय?" परत येऊन बसल्या की पुन्हा अर्ध्या तासात तेच. मला वाटायचं, म्हातारपण. तुझ्या मामाला काही वाटायचंच नाही. त्याला भाकरी करपली एवढंच कळायचं.

मग हळूहळू त्यांनी बाहेर जाणं सोडलं. भजनाला जाईनात. लग्नाला जाईनात. तुझ्या बारशाला आल्या नाहीत. तुला काय आठवणार म्हणा, पण तुझ्या आईला चांगलं आठवतं. ती कितीतरी दिवस माझ्याशी बोलत नव्हती, कारण तिला वाटलं मीच सासूला अडवून ठेवलं. मी! त्या दिवशी मी त्यांची साडी काढून ठेवली होती, गजरा आणला होता, आणि ऐन वेळी त्या खाटेवर आडव्या. "गुडगे दुखतत." बरं, गुडघे दुखतायत तर तेल लावून देते म्हटलं, तर पाय पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड.

गावालाही चार गणपती गेल्या नव्हत्या. तिथे त्यांचा थोरला भाऊ एकटा होता, दादा. तो गावाहून येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर निरोप धाडायचा: म्हातारी रुसली काय, की भावाला विसरली? त्या वर्षी निरोप आला तो वेगळा होता. "यंदा ये. फुडल्या वर्साक गणपती येतलो, पण मी आसन काय नसन, माका म्हायत नाय." निरोप आणणारा माणूस सांगून निघून गेला. सासूबाई कितीतरी वेळ ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि तेच एक भांडं घासत राहिल्या.

त्या दिवशी मी दार लोटलं आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "आई, गुडघे राहू देत. खरं काय ते सांगा."

त्यांनी सांगितलं. कुजबुजत, जणू चोरी कबूल करताहेत. लघवीची भावना झाली की दम निघत नाही. रांगेत उभं राहिलं तर लुगडं भिजतं. म्हणून सकाळचा चहा सोडला, दुपारचं पाणी सोडलं. एस्टीत बसायचं म्हणजे सगळ्या गाववाल्यांसमोर, "ड्रायव्हर, गाडी थांबय" असं ओरडायचं. "त्यापरास मेलेला बरा," म्हणाल्या. चार वर्षं भावाचं तोंड पाहिलं नाही, नातीचं बारसं चुकवलं, लेकीचा राग ओढवून घेतला, पण गाडी थांबव म्हणायचं नाही. कपाळावर हात मारावा की त्यांना पोटाशी धरावं, मला कळेना. मी आधी हात मारला.

मग मोठ्या हॉस्पिटलात नेलं. त्या डॉक्टरसमोर तोंड उघडेनात. डॉक्टर त्यांना विचारायचा, त्या माझ्याकडे बघायच्या, मी बोलायची. लघवी तपासली, साखर तपासली, पोट दाबून पाहिलं. डोळ्यात काचबिंदू आहे का विचारलं, लघवी कधी अडून राहिली होती का विचारलं. मी म्हटलं, अडते कसली, हिला तर आवरत नाही. तो हसला. म्हणाला, "आजींची लघवीची पिशवी घाईखोर झालीय. भरायच्या आधीच ओरडते. ही गोळी तिला जरा शांत करेल." आणि मग त्याने ज्या गोष्टी सांगितल्या त्या मी मान हलवत नीट ऐकल्या, कारण घरी गेल्यावर कुणीच ऐकणार नव्हतं हे मला ठाऊक होतं. सकाळी एक, रात्री एक, त्याहून जास्त नाही. तोंड सुकेल, पोट साफ होणार नाही, जवळचं धूसर दिसेल, पण म्हणून पाणी सोडायचं नाही, थोडं थोडं प्यायचं. उन्हात फार फिरवू नका, घाम कमी येतो. आणि दुसरी कसलीही गोळी, मग ती सर्दीची असो नाहीतर झोपेची, मला विचारल्याशिवाय द्यायची नाही. लघवी होईनाशी झाली किंवा बोलण्यात घोटाळा झाला, तर लगेच गोळी बंद आणि दवाखाना.

"कुठे बाहेरगावी गेलात तर ही गोळी बरोबर ठेवा," म्हणाला, "म्हणजे तिथल्या डॉक्टरला कळेल काय चालू आहे."

पहिले दिवस सासूबाईंनी आम्हाला नकोसं केलं. "तोंडात कापूस भरल्यासारो वाटता." म्हणून सतत खडीसाखर चघळत. तांदूळ निवडायला बसल्या तर खडे दिसेनात, आणि जेवताना खडा लागला की तुझा मामा माझ्याकडे बघायचा. पण एक मात्र झालं. एके दिवशी त्या रेशनच्या रांगेत सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. साखर घेऊन आल्या, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "उबी रवलंय गो मी!" जणू डोंगर चढून आल्या. मीही खूष. गावाला जायचं ठरलं.

आणि तिथेच वाट लागली. कारण त्या दिवसापासून त्यांचा त्या गोळीवर जो विश्वास बसला, तो देवावरही नव्हता.

आमच्या शेजारच्या खोलीत एक वहिनी राहायची. मनाने सोनं, पण नाक सगळीकडे. आजी रांगेत उभी राहिलेली तिने पाहिली होती. दुसऱ्याच दिवशी वाटी घेऊन दारात. मला वाटलं साखर हवी.

"दोन गोळ्या दे ना गं त्यातल्या. आमच्या ह्यांनाही लघवीचा त्रास आहे."

"काय त्रास?"

"थेंब थेंब होते. किती वेळ उभे असतात, सुटतच नाही."

"अगं बाई, मग ही कशी चालेल? आईंना आवरत नाही, तुझ्या नवऱ्याचं अडतंय. ही दिलीस तर आहे ती पण बंद होईल."

"लघवी ती लघवी. तू काय डॉक्टर झालीस?" वाटी फिरवून निघून गेली, जाता जाता, "गोळीच मागितली, मंगळसूत्र नाही मागितलं!" चार दिवस माझ्याशी बोलली नाही. चाळीत हे असंच होतं बघ. एकाला लागू पडलेली गोळी म्हणजे विहिरीचं पाणी, कुणीही यावं, घागर बुडवावी.

गणपतीला जायला आमच्या गावच्या मंडळाची गाडी ठरलेली असायची. टेकडीच्या पायथ्याशी सकाळी उभी राहायची. निघण्याआधी मंडळातला म्हातारा गाडीसमोर गाऱ्हाणं घालायचा, "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरा गावाक निगाली आसत, ड्रायव्हराचो हात सरळ ठेव, वाट मोकळी कर रे म्हाराजा!" आणि सगळे एका आवाजात, "होय म्हाराजा!" मग चाकाखाली लिंबू, नारळ फुटायचा, खोबरं-साखर वाटली जायची. आणि त्या खोबऱ्याबरोबर, हे नीट ऐक, उलटीची गोळी. एका वर्षी घाटात निम्मी गाडी ओकली होती, आणि गाडीवाल्याने धुलाईवरून जो तमाशा केला, तेव्हापासून मंडळाचा नियमच झाला. तळहातावर आधी खोबरं, खोबऱ्यावर गोळी. पोराबाळांना अर्धी, मोठ्यांना एक. वाटायचं काम कुणाचं? आमच्या वहिनीचं.

मी तिला आदल्या दिवशी बजावलं होतं. "आईंना ती देऊ नकोस. त्यांच्या डॉक्टरने दुसरं काही द्यायला मना केलंय."

"एवढीशी तर गोळी!"

"एवढीशी असो नाहीतर नारळाएवढी. नको म्हणजे नको."

"बरं बाई, नाही देत." म्हणाली होती. तिच्या तोंडाने म्हणाली होती.

आता मला सांग, मी काय काय बघायचं? निघायच्या वेळी तुझा मामा टपावर चढून पत्र्याची पेटी बांधत होता आणि दोरी माझ्या हातात. एक पोर चप्पल शोधतंय, दुसरं आधीच भूक लागली म्हणून रडतंय. मखराचे पुठ्ठे वाकू नयेत म्हणून मी ते डोक्याच्या वर धरलेले. सासूबाई बायकांच्या घोळक्यात हात जोडून, डोळे मिटून उभ्या. होय म्हाराजा झालं, आणि वहिनी एकेका हातावर खोबरं-गोळी ठेवत पुढे सरकली. घाईत तिने समोर आलेल्या प्रत्येक हातावर ठेवलं. सासूबाईंनी डोळे उघडले तर तळहातावर खोबरं, आणि खोबऱ्यावर गोळी. प्रसाद! प्रसादातलं एक उचलायचं आणि एक परत करायचं, असं त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. कपाळाला लावून दोन्ही तोंडात.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तर देवाची कृपा. सकाळी उठल्या उठल्या त्यांनी आपली ती गोळी एक नाही, दोन घेतल्या होत्या. हे मला नंतर कळलं. तेव्हाचं त्यांचं उत्तर ऐक, तुझ्या उत्तराशी जुळतं का बघ: "एका गोळयेन घराकडे चलता. येस्टीक दोन होयी." आणि प्रवासात लघवी नको म्हणून आदल्या दुपारपासून पाण्याचा थेंब नाही.

पनवेलपर्यंत त्या छान होत्या. खिडकीशी बसून गावातल्या माणसांची नावं काढत होत्या, दादाला बघितल्यावर आधी काय बोलायचं ते मला ऐकवत होत्या. पेणच्या पुढे गप्प झाल्या. मला वाटलं डोळा लागला. श्रावण सरून भाद्रपद लागला की उन्हं कशी पडतात माहीत आहे ना, तसं ऊन, आणि गाडीत वारा नाही. आम्ही सगळे घामाने निथळतोय आणि यांचं कपाळ कोरडं, खडखडीत. हात लावला तर तव्यासारखं. चेहरा लाल.

"आई, पाणी घ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या दिशेने पाहिलं. डोळ्यांची बुबुळं ही एवढी. मग मान खाली घातली आणि मांडीवर काहीतरी टिपायला लागल्या. उचलायच्या, बाजूला टाकायच्या, उचलायच्या, बाजूला टाकायच्या. मांडीवर सूप नाही, सुपात तांदूळ नाहीत, आणि माझी सासू खडे निवडत होती.

"काय करताय आई?"

"दादा जेवक बसतलो. खडो लागात." आणि पुढच्या सीटवरच्या माणसाला, "दादा, हात धुवन ये रे!"

गाडीत लगेच न्यायनिवाडा सुरू. एक म्हणाली वारं लागलं. एक म्हणाली, खाडीच्या पुलावर बाईने मागे वळून पाहिलं असणार. कुणी म्हणे नारळ नीट फुटला नव्हता, मी तेव्हाच बोललो होतो. वहिनी मागून, "मीठमोहऱ्या ओवाळा, माझ्या पिशवीत आहेत!" मीठमोहऱ्या आहेत, अक्कल तेवढी नाही. मी सासूबाईंच्या पोटावर हात ठेवला. ओटीपोट दगडासारखं, वर आलेलं. हात लावताच त्या विव्हळल्या. आणि मला त्या डॉक्टरचं बोलणं आठवलं: लघवी होईनाशी झाली, बोलण्यात घोटाळा झाला.

मी उभी राहिले. "गाडी थांबवा!"

ड्रायव्हर म्हणाला, "ताई, पुढे चहाला थांबणारच आहोत."

"चहा गेला खड्ड्यात! दवाखाना दिसेल तिथे थांबवा. माझ्या सासूची लघवी अडलीय!"

सगळी गाडी वळून बघायला लागली. चार वर्षं जे वाक्य गाववाल्यांसमोर बोलायला लागू नये म्हणून ती बाई झुरली, ते मी पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं ओरडले. आणि काय झालं सांगू? काहीही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. ड्रायव्हरने मान हलवली आणि घाटाच्या अलीकडच्या गावात सरकारी दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली.

तुझा मामा घुटमळत होता, "आधी गावाला पोचलो असतो तर..." मी म्हटलं, "तुम्ही मुलांना आणि पेटीला घेऊन पोचा. दादांना सांगा. इथलं मी बघते." तो गेला, एकदाचा.

दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, तरुण, पण आवाज हेडमास्तरणीचा. सासूबाईंचे डोळे पाहिले, जीभ पाहिली, पोट पाहिलं. "काय काय दिलंत यांना?" मी पिशवीतून गोळ्या काढून दाखवल्या. "आणखी?" मी म्हटलं, दुसरं काही नाही. "नीट आठवा. नुसती एवढी घेऊन इतकं होणार नाही." तेवढ्यात नर्सने सासूबाईंच्या पदराची गाठ सोडली. आत खोबऱ्याचा एक तुकडा आणि उलटीची आणखी एक गोळी. परतीच्या प्रवासाची! गाडीत चढताना वहिनीने, माझं बजावणं साफ विसरून, मायेने जास्तीची दिली होती.

डॉक्टरीणबाईंनी ती गोळी चिमटीत धरली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं मीच गाऱ्हाणं घातलं. "ही आणि ती, दोन्ही एका भावकीतल्या आहेत. एक तोंड सुकवते, दुसरी आणखी सुकवते. एक लघवी धरून ठेवते, दुसरी तिला हातभार लावते. डोकंही भरकटवतात. त्यात म्हातारं माणूस, उपाशी, पाण्याविना." मग नळी घातली. भांडं भरलं, दुसरं मागवावं लागलं. सलाईन लावलं, ओल्या फडक्याने अंग पुसलं. मला म्हणाल्या, "वेळेवर आणलंत," तेवढंच एक गोड वाक्य.

संध्याकाळी सासूबाईंचे हात शांत झाले. खडे निवडणं थांबलं. माझ्याकडे बघून, खरंच माझ्याकडे बघून, विचारलं, "गाडी गेली?"

"गेली."

त्यांनी पदर तोंडावर घेतला. "पाचव्या वर्साक पण नाय," म्हणाल्या. तेव्हा माझा सगळा राग उतरला होता असं तुला वाटेल. छे! मी चिडून म्हटलं, "जिवंत आहात ते बघा आधी!" आणि मग त्यांचे केस मागे सारत बसले.

दुसऱ्या दिवशी नळी काढली. डॉक्टरीणबाईंची अट एकच, आपली आपण लघवी झाल्याशिवाय सोडणार नाही. आता बघ देवाची करणी. जी बाई वर्षानुवर्षं लघवी नको म्हणून तहानेली राहिली, ती तांब्यावर तांबे पाणी पितेय आणि आम्ही लघवीची वाट बघतोय. मोरीतला नळ सोडून ठेवला, म्हणे आवाजाने होते. नर्स येऊन विचारायची, "झाली?" झाडणारी बाई विचारायची, "झाली का आजींना?" बाजूच्या खाटेवरच्या बाळंतिणीची आईसुद्धा, "अजून नाही होय?"

आणि दारात काठी वाजली. धोतर, टोपी, बगलेत छत्री. दादा! चतुर्थी दुसऱ्या दिवसावर आलेली, घरी मखर अर्धवट, आणि हा म्हातारा कुणाची तरी जीप मागून भल्या पहाटे निघून आला होता. बहिणीसमोर उभा राहिला. ती काय काय बोलणार होती, मला तोंडपाठ होतं. त्यातलं एक अक्षर बोलली नाही. रडायला लागली.

"चार वर्सा," दादा म्हणाले, "गाडी थांबय म्हणान सांगूक काय झाला तुका? तोंड नाय? माझ्या वांगडा भांडताना बरा आसता!"

"लाज वाटता रे."

"लाज? मी सकाळपासना वाटेत किती येळा उतारलंय, त्या ड्रायव्हराक इचार! त्येणा म्हटल्यान, आजोबा, तुमी चलतच या, बेगीन पोचशात." सगळी खोली हसली. बाळंतीण हसताना पोट धरून बसली. सासूबाईही हसल्या, आणि हसता हसता एकदम थांबल्या. "गो," माझा हात धरून, "माका जावचा आसा."

झाली! आत जाऊन बाहेर आल्या तेव्हा झाडणारी बाई दारातून ओरडली, "सुटली आजी!" आणि दादांनी टोपी काढून गणपतीला हात जोडले. बारशाला पेढे वाटतात तसे वाटायचेच बाकी होते.

त्याच जीपने आम्ही गावाला निघालो. गोळी आता बंद होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, मुंबईच्या डॉक्टरला दाखवून तो सांगेल तेव्हाच आणि तो सांगेल तेवढीच पुन्हा सुरू करायची. (त्याने पुढे अर्ध्याने सुरू केली, आणि त्या अर्धीवर त्यांचं चांगलं चाललं. उलटीसाठी आल्याची वडी.) घाटाच्या पहिल्याच वळणावर मला दिसलं, सासूबाईंनी पदर घट्ट धरलाय. मी डोंगराकडे बघत बसले. मुद्दाम. आणि त्या खाकरल्या, मान वर केली आणि म्हणाल्या, "रे झिला, गाडी थांबय. माका उतराचा आसा."

जीप थांबली. एका बाजूच्या करवंदीमागे बहीण, दुसऱ्या बाजूच्या सागाखाली भाऊ, आणि मी मधे रस्त्यावर एकाची काठी, एकीची पिशवी धरून. किती वेळा थांबलो ते विचारू नकोस. पण दिवे लागायच्या वेळी पोचलो आणि मखराची शेवटची पताका तुझ्या आजीने आपल्या हाताने चिकटवली.

वहिनीला मी परत आल्यावर काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. पण पुढल्या वर्षीपासून तिने प्रसाद आणि गोळ्या दोन वेगळ्या हातांनी वाटल्या, आणि गोळी देताना प्रत्येकाला विचारायची, "दुसरं काही चालू आहे का?" नवऱ्यालाही डॉक्टरकडे घेऊन गेली. एवढं सगळं व्हावं लागलं तिला ते कळायला.

आता तुझं बोलू. दिवाळीपासून तू माझ्याकडे आलेली नाहीस. आधी म्हणालीस काम आहे, मग म्हणालीस ट्रॅफिक, मग पाठ. मी ऐकून घेतलं. पण परवा ती गोळी ऐकली आणि मला कळलं, पाठ म्हणजे गुडघेच. सांताक्रूझहून मुलुंड म्हणजे तुला वाटेत कुठे थांबायचं हा हिशोब आहे ना? मग तो मनात करू नकोस, रिक्षावाल्याला सांग. पेट्रोल पंपावर थांब, हॉटेलात शिर. सर्दीचं औषध त्या डॉक्टरला विचार, आजच विचार. आणि जेवढी गोळी सांगितलीय तेवढी घे, रोज घे, आपल्या मनाने दोन नाही आणि आपल्या मनाने बंद नाही. जमत नसेल, तोंड सुकत असेल, तर तेही त्यालाच सांग. मला सांगून काय उपयोग, मी ओरडण्यापलीकडे काय करणार?

आमच्या दारातून आत आलं की डाव्या हाताला लगेच संडास आहे, रांग नाही, टमरेल नाही. मी आंबोळ्यांचे तांदूळ भिजत घालतेय. उशीर झाला तर कशामुळे झाला ते दारातच मोठ्याने सांग, शेजाऱ्यांना ऐकू गेलं तरी चालेल. पण ये गं बाई, लवकर ये.